फायदेशेठचं मागचं दार

शेठच्या केबिनमध्ये देवाचा फोटो नव्हता. पेणमध्ये असा कारखानदार दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. आमच्याकडे पंक्चरच्या टपरीतसुद्धा निदान एक गणपती असतोच. शेठच्या खुर्चीमागे, जिथे देव असायला हवा तिथे, काचेच्या चौकटीत एक पांढरा शर्ट टांगलेला होता. अर्ध्या बाह्यांचा, कडक इस्त्रीचा, आणि खिशाच्या जरा खाली चण्याएवढा तांबूस डाग पडलेला. नव्यानं कामाला लागणाऱ्या प्रत्येक बाईला आधी त्या शर्टासमोर उभं केलं जाई.

"हे काय आहे?"

"शर्ट," बाई म्हणे.

"शर्ट होता. आता फडकं आहे. बोटात सुई गेली, थेंब पडला, आणि रक्ताचा डाग निघत नाही. कापड गेलं, दोरा गेला, शिलाई गेली. बोट तुझं आहे, त्याचं तू बघ. शर्ट माझा आहे."

मी गडबहून एसटीनं आले होते, शाळा नुकतीच सुटलेली, नोकरीचा पहिलाच दिवस. केबिनमधून बाहेर आले तेव्हा डोळे भरले होते. शेजारच्या मशीनवर सुमन बसायची. खाडीकडची, मिठागरात वाढलेली, कुणाला न भिणारी. मी तिला विचारलं, हा माणूस आहे की कसाई?

"कसाई नाय गो," ती मान वर न करता म्हणाली, "फायदेशेठ हाय."

हे नाव कारखान्यात सर्वांच्या तोंडी होतं, आणि त्यांच्या कानावर गेलेलंही होतं. त्यांना ते आवडायचं. माणसाला उपाधी मिळावी तसे ते ती मिरवत. रोह्याला त्यांची पोह्यांची गिरणी होती, ती विकून त्यांनी पेणच्या एका जुन्या गोदामात हा शर्टांचा कारखाना काढला. अर्धी भागीदारी बायकोच्या भावाची. या मेव्हण्यांबद्दल आधीच सांगून टाकते, कारण माणूस सोन्यासारखा होता. प्रत्येकीला ताई म्हणायचे. दसऱ्याला स्वतःच्या हातानं पेढे वाटायचे. कुणाच्या घरी मयत झालं तर आधी यांचे डोळे भरायचे. आणि कारखान्याच्या मागच्या दाराला कुलूप असावं यासाठी हा सोन्यासारखा माणूस मी तिथे होते तोवर झटत राहिला.

"कापड जातं हो भावजी मागच्या दारानं," ते म्हणत.

"जाऊ दे. चोरीला गेलेलं कापड एकदाच जातं," शेठ म्हणत. "जळालेली बाई रोज कामाला येत नाही."

अशी भाषा. आम्ही ऐकत बसलो आहोत याची लाज नाही, काही नाही.

त्यांच्या अंगावर कायम कारखान्यातलेच रिजेक्ट शर्ट असत. एकाची कॉलर चढलेली, एकाचा खिसा तिरपा, एकाला काजं पाच आणि बटणं चार. डाग पडलेलेही घालत. पार्टीनं परत पाठवलेला एकही शर्ट वाया गेला नाही असा त्यांचा दावा होता आणि तो त्यांच्या अंगावर दिसायचा. लग्नाकार्यातही तोच वेष. तो चौकटीतला एक सोडला तर रिजेक्ट शर्ट त्यांनी भिंतीला लावलेला कुणी पाहिला नाही.

मशीनवर सुईच्या पुढे एक तारेची पट्टी असते, बोट आत जाऊ नये म्हणून. आम्ही तिला गार्ड म्हणायचो आणि पहिली संधी मिळताच काढून ठेवायचो, कारण त्यानं हात मंदावतो. शेठ ओरडत नसत. गार्ड काढलेलं दिसलं की ते स्टूल ओढून त्या बाईच्या शेजारी बसत आणि स्वतःचं बोट सुईखाली ठेवत.

"चालव."

बाई गार.

"चालव की. गार्ड नको ना? मग माझ्या बोटाचं काय घेऊन बसलीस? मला शिवता येत नाही, गेलं तरी काम अडत नाही. तुझं गेलं तर कॉलर कोण लावणार, मी?"

बोट तिथेच. बाई पेचकस शोधायची, गार्ड लावायची, मग ते बोट काढून घेत आणि पुढच्या मशीनकडे जात. माझ्यावर ही वेळ एकदाच आली. अजूनही सुई ओवताना मला ते जाड, नखाजवळ सोललेलं बोट दिसतं.

सुई मोडली तर आणखी तमाशा. मोडक्या सुईचे सगळे तुकडे जुळल्याशिवाय नवी सुई मिळायची नाही. सगळी लाईन थांबवून आम्ही लोहचुंबक घेऊन जमिनीवर ओणव्या. मेव्हणे कपाळाला हात लावून उभे. शेठ मात्र शांत. "तुकडा शर्टात गेला आणि गिऱ्हाइकाच्या पाठीत टोचला की पार्टी गेली. पार्टी गेली की तुम्ही पण गेलात. शोधा."

बायकांसाठी संडास बांधले तेव्हा एवढा खर्च कशाला म्हणून मेव्हण्यांनी हळूच विचारलं. शेठनी हळूच उत्तर द्यायचं ना? ते भर लाईनीत उभे राहून म्हणाले, "बाई दाबून बसली की तिचं लक्ष टाक्यावर राहत नाही. कॉलर वाकडी येते. माझ्या अंगावर आहे ती त्यातलीच." आम्ही पदरात तोंडं लपवली. पण त्या दिवसापासून कुणी दाबून बसलं नाही हेही खरं.

एकदा बँकेचे साहेब कारखाना बघायला आले. पंखे, पिण्याचं पाणी, आग विझवायच्या वाळूच्या बादल्या, सगळं बघून खूष झाले आणि म्हणाले, "शेठ, कामगारांबद्दल तुम्हाला केवढी तळमळ आहे."

शेठचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा झाला. "तळमळ मला फक्त पित्तानं होते," ते म्हणाले. "शिकलेली बाई घरी बसली की नवीला शिकवण्यात दिवस जातात, माल उशिरा जातो, पार्टी तोंड फिरवते. तुम्ही बँकवाले. हे तुम्हाला मी सांगायचं?" साहेबांनी चहा अर्धा ठेवला.

तर ते मागचं दार. कारखान्याला दोन दारं. पुढचं रस्त्यावर, तिथेच दोघांच्या केबिनी आणि इस्त्रीचा विभाग. मागचं एका छपराच्या बोळात उघडायचं, आणि बोळ पुढे मोकळ्या अंगणात. अधूनमधून शेठ न सांगता घंटा वाजवायचे. घंटा झाली की हातातलं काम टाकून मागच्या दारानं अंगणात जायचं आणि आपापल्या शेजारणीचा हात धरून उभं राहायचं. हात रिकामा राहिला तर बोंब मारायची. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा आम्ही सगळ्या उठलो आणि उलट्या दिशेला, पुढच्या भिंतीशी असलेल्या डब्यांच्या फळीकडे धावलो. जेवणाचा डबा टाकून कोण जातं? शेठ हातात घड्याळ घेऊन अंगणात एकटेच उभे.

सुमन शेवटी पोचली. शेठनी विचारलं, "डब्यात काय आहे?"

"करंदीचं सुकं."

"त्याच्यासाठी जळून मरणार?"

"मरायचा कशाला, शेठ? घेऊन पलायचा."

दुसरा कुणी असता तर त्यानं नियम काढला असता की डब्याला हात लावाल तर पगार कापीन. आणि आम्ही तो मोडला असता. शेठनी तसं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावून त्यांनी डब्यांची फळी उचलली आणि मागच्या दाराला खेटून लावली. "बाई डब्याकडेच धावणार," ते मेव्हण्यांना म्हणाले. "मग डबाच दाराशी ठेवला की झालं. स्वभावाशी भांडण्यात फायदा नाही."

एवढं सगळं एक माणूस निव्वळ फायद्यासाठी करतो हे आमच्या गळी उतरत नव्हतं. आम्ही साध्या बायका. आम्हाला वाटायचं, याच्या काळजाला कुठेतरी जुनी जखम असणार. मग जेवणाच्या सुट्टीत आम्ही ती तयार करायचो. एकीच्या मते रोह्याच्या गिरणीत पट्ट्यात अडकून कुणा बाईचा हात तुटला होता. दुसरी सांगायची की त्यांची धाकटी बहीण स्टोव्हच्या भडक्यात गेली. हमरापूरकडून येणाऱ्या एकीनं तर त्यांची पहिली बायकोच जाळून टाकली होती, म्हणजे गोष्टीत. आम्ही हळहळायचो. तेवढ्यात शेठ येऊन म्हणायचे, "सुट्टी संपली. हळहळायचे पैसे मी देत नाही."

आता त्या वर्षाची गोष्ट. आषाढात शेठना टायफॉइड झाला आणि ते त्यांच्या गावी, वरश्याला घरी पडून राहिले. कारखाना मेव्हण्यांकडे आला. जोह्याचा एक मूर्तिकार त्यांच्या ओळखीचा. त्याच्या कारखान्याचं छप्पर गळायला लागलं, शाडूच्या मूर्ती भिजायच्या, म्हणून तो हात जोडून आला. मेव्हण्यांनी आमचा मागचा बोळ त्याला दिला. छपराचा, कोरडा, वापरात नसलेला. नाही म्हणायला तिथे फक्त शेठचं दार होतं.

आम्हाला तर उत्सवच झाला. डबा घ्यायला गेलं की समोर गणपती रंगताना दिसायचे. आज पितांबर, उद्या शेला, परवा दागिने. आम्ही बहुतेकींनी आमच्या घरचे गणपती तिथेच ठरवून टाकले. गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली. सुमनचा सिंहासनावरचा होता, माझ्या घरचा लोडाला टेकलेला. मग एके दिवशी मूर्तिकारानं सगळ्यांचे डोळे आखले आणि आमचा आवाजच खाली आला. डोळे उघडले की ती मूर्ती राहत नाही. तिच्याकडे पाठ करून डबा खाणंसुद्धा जिवावर येतं.

श्रावणाच्या सुरुवातीला शेठ परत आले. निम्मे झाले होते, रिजेक्ट शर्ट अंगावर लोंबत होता. कुणाशी न बोलता सरळ मागच्या दाराशी गेले आणि थांबले. दारापासून अंगणापर्यंत फळ्यांवर, जमिनीवर, दाटीवाटीनं गणपती. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"माझं दार कुठं आहे?"

"बाप्पाच्या मागं," मेव्हणे म्हणाले. "भावजी, साक्षात विघ्नहर्ता दारात बसलाय. आता आपल्याकडे विघ्न येईल कशाला?"

आम्ही माना डोलावल्या. मनापासून डोलावल्या. उघड्या दारापेक्षा दारात बसलेला देव केव्हाही बरा असं आम्हाला खरंच वाटत होतं. पेणमध्ये जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

"विघ्न येईल पुढून," शेठ म्हणाले. "बाया जाणार कुठून? हलवा हे."

कुणी हललं नाही. आखणी झालेला देव उगीच जागचा हलवायचा नसतो. आणि हलवताना एखाद्याचा कान दुखावला, तर ज्याच्या घरचा तो, त्याला वर्षभर झोप नाही. हमाल हात जोडून मागे सरकले. मेव्हणे प्रथमच कडक आवाजात बोलले. "एक मूर्ती जरी दुखावली ना भावजी, तर मी यातून मोकळा झालो. माझा अर्धा वाटा काढून द्या आणि बघा तुमचं."

हा वाटा काढून दिला तर कारखाना उरणार नाही, हे शेठना माहीत होतं, मेव्हण्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. म्हणजे आमची सगळ्यांची चूल त्या गणपतींच्या कानांवर येऊन ठेपली.

शेठ वाद घालत बसले नाहीत. त्यांनी घंटा वाजवली.

आम्ही सवयीनं डब्यांकडे, म्हणजे दाराकडे धावलो आणि दारात थिजलो. पुढे देव, मागून रेटा. पुढच्या ओरडताहेत, मागच्यांना कळत नाही. कुणाची बांगडी फुटली, कुणी खाली बसली. सुमन आपल्या सिंहासनावाल्यापुढे हात पसरून उभी. "ढकलू नका गो, बाप्पा परंल!" आम्ही एकमेकींच्या अंगावर रेलून तशाच उभ्या राहिलो. एकही बाई अंगणात पोचली नाही.

शेठनी घड्याळ खिशात ठेवलं. "संपलं," ते म्हणाले. "सगळ्या मेल्या. आता डबे खा."

कुणी डबा उघडला नाही. शेठनी चपला काढल्या. बायकांच्या गर्दीतून वाट काढत ते पुढे आले, पहिल्या गणपतीच्या पाटाखाली दोन्ही हात घातले आणि एखादं बिल वाचून दाखवावं अशा कोरड्या आवाजात म्हणाले, "गणपती बाप्पा."

आमच्या तोंडून आपोआप निघालं, "मोरया."

झालं. इतकंच हवं होतं. उगीच हलवलेला देव वेगळा आणि मोरया म्हणून मिरवलेला देव वेगळा. हे सांगायला शास्त्र लागत नाही, पेणच्या पोरालाही कळतं. शेठ पुढे निघाले. मागोमाग सुमननं आपला उचलला, मग मी आमचा. मग मिरवणूकच लागली. मशीनांच्या मधल्या वाटेनं सगळे गणपती पुढे गेले आणि दोन्ही केबिनींमध्ये विराजमान झाले. एकाचंही नख दुखावलं नाही. शेठचं टेबल बाहेर फाटकाशी पत्र्याखाली आलं. येणारे जाणारे विचारत, शेठ, बाहेर का बसलात? ते म्हणत, आत पाहुणे आहेत.

"मोरया म्हणालात, शेठ," मी धीर करून बोलले.

"म्हणायला काही पडत नाही," ते म्हणाले. "बाकी काही उपयोग आहे का ते माहीत नाही."

चतुर्थी आठवड्यावर आली होती. दुपारी लाईट गेली आणि भपकन परत आली. इस्त्रीच्या टेबलाखाली जुनी वायर होती आणि तिच्याखाली न उचललेल्या कात्रणांचा ढीग. पहिल्यांदा वास सुमनला आला. तिनं ओरडायच्या आत इस्त्रीच्या विभागापुढचा पडदा पेटला आणि पुढच्या दाराचा रस्ता बंद झाला. घंटा कुणी वाजवली मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की धुरात काही दिसत नव्हतं आणि आम्ही सगळ्या एकच विचार करत होतो: डबा. डब्याकडे धावलो आणि बाहेर निघालो. बोळ मोकळा होता. अंगणात उभ्या राहून आम्ही एकमेकींचे हात चाचपले. एकही हात रिकामा राहिला नाही.

तेव्हा सुमनला आठवलं. "बाप्पा आत रायला!" म्हणत ती उलटी धावली. फाटकाकडून वळसा घालून आलेले शेठ दारात आडवे आले. आजारातून उठलेला माणूस. तिनं त्यांना ओरबाडलं, "सोड मला मेल्या," म्हणाली. ते हलले नाहीत.

"दरवर्षी पाण्यात सोडतेस ना त्याला?" ते म्हणाले. "तेव्हा मागोमाग उडी घेतेस का?"

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग आम्हीही.

नगरपालिकेचा बंब आला, पाण्याचा मारा पुढून झाला, आणि आग विझता विझता केबिनीतले शाडूचे गणपती विरघळायला लागले. पुढच्या दाराच्या उंबऱ्यावरून लाल, पिवळं, निळं पाणी गटारात उतरलं. प्रतिष्ठापना व्हायच्या आधीच विसर्जन. आम्ही रस्त्यावर हात जोडून उभ्या होतो. गर्दीतलं कुणीतरी हळूच "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणालं, आणि त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही.

गावात दोन पक्ष पडले. बाप्पाला दारातून हलवला म्हणून आग लागली, हा एक. बाप्पानं आमचं मरण आपल्या अंगावर घेतलं, हा दुसरा. वयस्कर मंडळी येऊन शेठना सांगत, देव तारी त्याला कोण मारी. शेठ म्हणत, "वायर जुनी होती. ती बदलायची राहिली, ती चूक माझी. आणि देव तारायला येणार असला तरी त्याला दार लागतंच." देवाचं श्रेय नाकारणाऱ्याला आमच्याकडे नास्तिक म्हणतात. आपल्या अंगावरचा दोष नाकारण्याची संधी सोडणाऱ्याला काय म्हणतात, याला आमच्याकडे शब्द नाही.

पण घरोघरी पाट मांडून झाले होते आणि देव नव्हते. शेठ आणि मेव्हणे टेंपो घेऊन जोह्याला गेले, या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरले, उरलेसुरले गणपती जमवले आणि गावोगाव पोचवले. जो मिळाला तो. सुमनकडे उंदरावरचा आला. आमच्याकडे उजव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळता सांभाळता आईची दमछाक झाली. बाबा म्हणाले, "फायदेशेठनं स्वतःसारखाच धाडलाय."

मी शेठना विचारलंच, यात काय फायदा?

"घरात गणपती नाही म्हणून बाई रडत बसली की सणानंतर कामाला येत नाही." हा माणूस मेल्यावर यमाला उत्तर देईल ते असलंच देईल असं मला वाटलं.

साफसफाईला मी गेले होते. शेठच्या केबिनीत गाळ आणि काचा. चौकट फुटली होती, शर्ट ओला होऊन पडला होता. मी उचलला. खिशाखाली विटकरी रंगाचा एक फिकट ओघळ तेवढा होता. डाग नव्हता.

"शेठ, डाग गेला," मी म्हणाले.

त्यांनी शर्ट माझ्या हातून घेतला, घडी केली आणि काखेत मारला. "पाण्याला जोर होता," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. त्यानंतर केबिनीत नुसता खिळा राहिला.

तयार माल जळून गेला होता, कारखाना बंद. मेव्हणे म्हणत होते, "आता सांगा तुमचा फायदा. दार राहिलं, दुकान गेलं." मुंबईच्या पार्टीनं मुदत वाढवून दिली, पण शिवणार कोण? रोह्याकडे एक नवी कंपनी निघाली होती, तिची गाडी गावोगाव येऊन बायकांना घेऊन जात होती. शिकलेले हात त्यांना आयतेच हवे होते. आम्हीही गेलो. पोट कुणाला सुटलंय? मोठी इमारत, नव्या मशीना, पगार जास्त. दाखवणारा माणूस मोठ्या अदबीनं बोलत होता.

सुमन म्हणाली, "मागलं दार कुठं हाय?"

त्यानं दाखवलं. दाराला कुलूप होतं.

"चावी?"

"वॉचमनकडे."

"वॉचमन?"

"चहाला गेला असेल."

सुमननं माझा हात धरला. "चला गो," ती म्हणाली. आम्ही सगळ्या बाहेर पडलो. नंतर कळलं, दुसऱ्या गावच्या बायकाही अशाच परत फिरल्या होत्या. कुणी ठरवलं नव्हतं. घंटेची सवय अंगात मुरली होती.

जोहे, गडब, हमरापूर, खाडीकडच्या वाड्या, सगळीकडून बायका परत आल्या. भिंती काळ्या होत्या, छपराला ताडपत्री होती, पण एकही खुर्ची रिकामी नव्हती. माल मुदतीत गेला. आम्ही मायेनं परत आलोय असं मेव्हण्यांनी डोळे पुसत सांगितलं तेव्हा शेठ खेकसले, "माया नाही. भांडवल. दार उघडं ठेवलं तर भांडवल बाहेर जातं म्हणत होतास ना? बघ, त्याच दारानं परत आलं." इतकं खूष त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मेव्हण्यांनी पुन्हा कुलपाचं नाव काढलं नाही, निदान त्यांच्यासमोर.

शेठ गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी वरश्याला शेठच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, भेटायला गेले. परसात तुळशीचं वृंदावन, त्याला वहिनींनी नुकताच गेरू लावला होता. चहा झाला, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न मी विचारला. वहिनी, शेठच्या आयुष्यात काही झालं होतं का? गिरणीत कुणाचा हात वगैरे?

"कुणाचा हात? गिरणीतले सगले हात शाबूत हायत."

"बहीण?"

"ठाण्याला असते. सून नि ती भांडतात."

"आणि..." मी अडखळले. "पहिली बायको?"

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "पहिली पण मीच नि शेवटची पण मीच. काय नाय झाला गो त्यांना. कायच नाय. ते पहिल्यापासनं तसेच."

मला जरा फसवल्यासारखं झालं. मग मी शर्टाचं विचारलं. वहिनी हसायच्या थांबल्या.

"तो? कारखाना सुरू व्हायचा होता अजून. हे म्हणत, मशीनला गार्ड पायजे, मागलं दार पायजे. माझा भाऊ म्हणे, कशाला? लागलंय का कुणाला? एखादीचं बोट गेलं की बघू. बैल गेल्यावर झोपा करतात सगले, तसा. त्याला पटवायला ह्यांच्याकडे काय नव्हता. घरी आले, नमुन्याचा पहिला शर्ट होता, नवाकोरा. माझ्या गेरूच्या डब्यात बोट बुडवलान, नि दिला शर्टाला लावून."

मी वृंदावनाकडे बघत बसले. पार्टीनं परत पाठवलेला शर्ट अंगावर घालून झिजवणारा माणूस. काजं पाच आणि बटणं चार असलेला शर्ट लग्नात घालणारा माणूस. मला हसू आलं, आणि मग हसता येईना.

"मी रागावले ना," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, अहो, चांगला शर्ट नासवलात, यात फायदा काय?"

"काय म्हणाले?"

"काय नाय," वहिनी म्हणाल्या. "खाली बघून बोट पुसत बसले."